स्टेराइल कॅमेरा कव्हर, सी-आर्म कव्हर, प्रोब कव्हर: आमच्या ओटीत वापरून बघितलेलं सांगतो

सर्जिकलच्या दुकानात जाऊन ऑपरेशनच्या कॅमेऱ्यावर-मशीनवर घालायचं "कव्हर द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस दोनच प्रश्न विचारतो, स्टेराइल (निर्जंतुक) पाहिजे का साधं, आणि कितीपर्यंतचं दाखवू. कव्हर घालायच्या वेळी तुमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, माणसं किती असतात हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते कुठलं घ्यायचं ते त्याच्यावरच ठरतं. मोठ्या हॉस्पिटलात स्क्रबला, म्हणजे हात धुवून स्टेराइल ग्लोव्ह-गाउन घालून सर्जनच्या बाजूला, एक सिस्टर, सर्क्युलेटिंगला, म्हणजे बाहेरनं सामान द्यायला, एक, वर दोन शिकाऊ पोरं असा थाट असतो. आमच्या बेळगावात टिळकवाडीपासून शहापूर-वडगावपर्यंत बारकी नर्सिंग होमं भरपूर, तिथं स्क्रबला एक आणि बाहेरनं द्यायला-घ्यायला एक, आणि तो बाहेरचा पण मधेच ब्लड बँकेला फोन लावायला नाहीतर दारात उभ्या राहिलेल्या नातेवाईकांना गप बसवायला गेलेला असतो. अशा ठिकाणी कव्हर सरळ, एका दमात, कुठं न चिकटता चढलं पाहिजे. नाहीतर पाकिटात ते कितीबी स्टेराइल असूदे, घालता घालताच अनस्टेराइल होऊन जातं, आणि वाईट म्हणजे झालेलं कुणाला कळत पण नाही.

मी अशाच एका ठिकाणी ओटी टेक्निशियन आहे. हाडांची आणि दुर्बिणीची ऑपरेशनं जास्त, मधनंमधनं सिझेरियन. कंपन्यांची नावं घेत नाही, एकतर उगंच वाद नको आणि दुसरं म्हणजे आमच्या भागात डीलर बदलला की नाव बदलतं, म्हणून नाव सांगून तुमचा फायदा पण नाही. काय बघायचं ते सांगतो, मग कुठलंही घ्या.

ज्यांचा ओटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. कात्री, चिमटे, रिट्रॅक्टर हे सगळं ऑटोक्लेव्हमध्ये 121 नाहीतर 134 डिग्रीच्या वाफेत घालून स्टेराइल होतं. पण दुर्बिणीचा कॅमेरा आणि त्याची ती लांबलचक केबल बहुतेक ठिकाणी वाफेत घालता येत नाही, सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवतात तो भाग, घातला तर लाखाचं नुकसान, आणि सी-आर्म म्हणजे हाडाच्या ऑपरेशनला लागणारं एक्स-रे मशीन, ते ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा विषयच नाही. मग याच्यावर स्टेराइल प्लास्टिकचं कव्हर चढवायचं. आतली वस्तू आहे तशी अनस्टेराइलच राहते, फक्त बाहेरचा थर स्टेराइल, म्हणजे सर्जनचा हात लागला तरी चालतं. पातळ पॉलिथिन, कंपनीत ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅसनं नाहीतर गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं, एकदा वापरायचं आणि टाकायचं. एवढंच. म्हणून मालक लोकांना नेहमी वाटतं की प्लास्टिकच्या पिशवीला एवढे पैसे कशाला मोजायचे.

जुन्या सिस्टर सांगतात की आधी कापडाची लांब नळी शिवून घ्यायचे, ऑटोक्लेव्ह करायचे आणि तीच कॅमेऱ्याला चढवायचे. काही तालुक्याच्या ठिकाणी अजून चालतं. पित्ताशयाच्या ऑपरेशनला ते कसंतरी निभावतं, पण गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला सलाईनच्या बाटल्यावर बाटल्या ओतल्या जातात, पंधरा मिनिटात कापड चिंब. आणि कापड ओलं झालं की अडथळा संपला, आतल्या केबलवरचे जंतू ओलाव्याबरोबर बाहेर येतात, डोळ्याला मात्र हिरवं कापड तसंच स्वच्छ दिसतं. त्यामुळं प्लास्टिकला पर्याय नाही, तिथं माझं काही दुमत नाही. भांडण आहे ते कुठलं प्लास्टिक याच्यावर.

आता कॅमेरा कव्हर. साधारण अडीच मीटर लांब, पाच ते सात इंच रुंद नळी, एका टोकाला दुर्बीण बाहेर काढायची जागा आणि दुसरं टोक उघडं. आमच्याकडं तीन प्रकार येऊन गेले.

पहिलं सगळ्यात स्वस्त, तीस-चाळीस रुपयांच्या घरातलं. प्लास्टिक ठीक होतं, खोटं कशाला बोला, फाटलं नाही, पाणी आत गेलं नाही. पण घडी! चौकोनी घडी घालून पाकिटात कोंबलेलं. स्क्रब केलेल्या माणसानं ते हातात घेतलं की आधी तोंड कुठलं ते हुडकायचं, तोंड सापडलं तर दोन्ही थर एकमेकाला चिकटलेले, ग्लोव्ह घातलेल्या बोटानं ते सुटत नाहीत, मग फुंकर मारायचा मोह होतो (मास्क आहे म्हणून बरं), तेवढ्यात खालचं टोक सुटून ट्रॉलीच्या खाली लोंबतं, आणि टेबलाच्या पातळीच्या खाली गेलं की ते अनस्टेराइलच धरायचं. मग दुसरं पाकीट फोडा. म्हणजे चाळीसचं कव्हर ऐंशीला पडलं, वर पेशंट भुलीखाली आणि सर्जन हात धरून उभे, त्यांचा चेहरा बघवत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तर अजून वाईट, स्टॅटिकनं ते ग्लोव्हला, गाउनला, जिथं जाईल तिथं चिकटतं.

दुसरं थोडं महाग, पण घडी टेलिस्कोपिक. पायमोजा घालायच्या आधी आपण गोळा करून धरतो ना, तसं सगळं प्लास्टिक पुढच्या टोकाशी गोळा केलेलं, आणि तोंडाशी पुठ्ठ्याची कडा, त्यामुळं तोंड आपोआप उघडं राहतं. स्क्रबवाल्यानं बाहेरच्या पदराखाली हात घालून ते धरायचं, बाहेरच्या माणसानं कॅमेरा वरनं आत सोडायचा, दुर्बीण जोडायची, आणि मग बाहेरच्यानं मागच्या टॅबला धरून केबलच्या दिशेनं ओढत मागं जायचं. टॅबवर बाण छापलेला असतो. यात महत्त्वाचं काय, तर स्टेराइल हात आणि बिनस्टेराइल हात कुठंच एकमेकाच्या वाटेत येत नाहीत. आमच्याकडं नवीन आलेल्या पोराला एकदा दाखवलं, दुसऱ्या केसला त्यानं बरोबर केलं. पहिल्या प्रकारचं कव्हर घालायला त्याला किती शिकवलं तरी गोंधळ व्हायचाच. म्हणून मी मालकांना सांगितलं की साहेब, प्लास्टिक सगळ्यांचं सारखंच, आपण पैसे घडीचे द्यायचे. त्यांना पटलं, म्हणजे पटल्यासारखं केलं, ऑर्डर तरी तीच चालू आहे.

याच्यात पण खोड आहे. पुढच्या टोकाला छिद्राची रेघ असते, ती फाडून दुर्बीण बाहेर काढायची आणि सोबतच्या चिकटपट्टीनं बांधायचं. मधेच शून्य डिग्रीची (सरळ बघणारी) दुर्बीण काढून तीस डिग्रीची (तिरकी बघणारी) लावायची झाली की ती पट्टी सोडवा, आणि ओल्या ग्लोव्हनं ती परत चिकटता चिकटत नाही. शिवाय दुर्बीण बदलताना आतलं कॅमेऱ्याचं डोकं उघडं पडतं, ते अनस्टेराइल असतं हे गडबडीत विसरायला होतं, तिथं बोट लागलं तर ग्लोव्ह बदलायला लाजू नये. एक गोष्ट अजून, दुर्बीण धुवून ओलीच जोडली तर कव्हरच्या आत दमट हवा कोंडते आणि कॅमेरा आणि दुर्बिणीच्या मधे धुकं येतं, मग सर्जन ओरडतात कॅमेरा खराब आहे म्हणून. कॅमेरा चांगला असतो, आयपीस, म्हणजे दुर्बिणीचं कॅमेऱ्याकडचं टोक, स्टेराइल गॉजनं कोरडा करून जोडा, बस.

तिसऱ्या प्रकारात टोकाला रबरी इलॅस्टिकची कडी, ती दुर्बिणीच्या मानेला घट्ट बसते, पट्टीची भानगड कमी. दुर्बीण बदलायला सोपं. पण प्लास्टिक जाड, त्यामुळं फोकसची रिंग फिरवताना कव्हर तिच्याबरोबर गोळा होतं आणि कॅमेऱ्यावरची बटणं दाबायला जोर लागतो, आमच्या एका सरांना ते अजिबात चाललं नाही. किंमत पण दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. गुडघ्याच्या केसला ठेवलंय, बाकीला दुसरंच.

सी-आर्मच्या कव्हरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडं याचा खप सगळ्यात जास्त. ऊस हंगाम चालू झाला की चिकोडी, निपाणी, संकेश्वर सगळीकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या, रात्रीचं मागं लाल दिवा नाही, मोटारसायकलवाली पोरं जाऊन आपटतात, मांडीचं हाड, नळीचं हाड. आणि पावसाळ्यात शेवाळावर पाय घसरून पडलेल्या म्हाताऱ्या, खुब्याचं हाड. या सगळ्यात सळी नाहीतर नेल घालताना सी-आर्म लागतोच, आणि तो नुसता उभा राहत नाही, सरळ फोटो मग आडवा फोटो असा सारखा फिरतो. आडवा करताना खाली टेबलाच्या तळाशी असलेली एक्स-रे ट्यूबची बाजू फिरून वर येते. खालचा भाग सगळा अनस्टेराइल, म्हणजे जमिनीजवळचं तोंड थेट ऑपरेशनच्या पातळीला. काही ठिकाणी वरच्या डोक्याला, म्हणजे इमेज इंटेन्सिफायरला तेवढं कव्हर घालतात आणि ट्यूब तशीच. असलं कव्हर घालून समाधान तेवढं मिळतं. दोन्हीकडचं असलेला सेट घ्या, आणि खुब्याच्या केसला बाजूनं उभा ड्रेप (स्टेराइल पडदा) लावा, तो लावला की ट्यूब ड्रेपच्या पलीकडंच फिरते.

आधी काय करायचे, हिरवी चादर टाकून टॉवेल क्लिपनं टोचून ठेवायचे. एका झोक्याला क्लिप सुटायची. आणि टॉवेल क्लिपला टोक असतं, भोक पडलं की त्या जागेचा स्टेराइलपणा गेला, चादरीला काय आणि प्लास्टिकला काय. आता टोपीसारखं, कडेला इलॅस्टिक असलेलं कव्हर येतं, वरनं ओढलं की बसलं. बघायचं ते एकच, माप. इंटेन्सिफायर 9 इंची असतो, 12 इंची असतो, आणि नवीन मशीनला गोल डोकं जाऊन चौकोनी फ्लॅट पॅनल आलंय. दुकानदार "युनिव्हर्सल साइज, सगळ्याला बसतंय की" म्हणून देतो. 12 इंचीचं कव्हर 9 इंचीला घातलं की खाली ढगळ लोंबतं, सर्जनच्या डोक्याच्या टोपीला घासतं, आणि 9 इंचीचं 12 ला घातलं की फिरवताना टुप्पकन सुटून पेशंटच्या अंगावर. ज्यांच्याकडं सी-आर्म बाहेरनं भाड्यानं येतो त्यांनी तर फोन करतानाच कुठलं मशीन पाठवताय ते विचारा. आणि ते मशीन आल्यावर कव्हर घालायच्या आधी पुसून घ्या, त्याच्यावर दुसऱ्या ओटीची धूळ आणि कधीकधी वाळलेलं रक्तसुद्धा असतं.

कव्हर घातलं तरी सी-आर्मचं वरचं डोकं स्टेराइल धरू नका. छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतचं तेवढं धरायचं. वरती सगळ्यांची डोकी, दिवा, हवा. आमच्याकडं सरांना सवय होती फिरवताना वरनं हात टेकवायची, ती मोडायला वेळ लागला. बाहेर मशीन धरणाऱ्या मामांना मराठी कमी येतं, त्यांना आम्ही कन्नडमधे "मुट्टब्याड्री", म्हणजे हात लावू नका, म्हणून सांगतो, आणि सरांना पण आता तेच म्हणतो, हसतात पण हात मागं घेतात.

लाइट हँडलचं कव्हर म्हणजे ओटीच्या मोठ्या दिव्याच्या मुठीवर घालायची बारकी टोपी. घ्या, स्वस्त आहे, तळाला कडक चकती असलेलं घ्या म्हणजे बोट वर सरकत नाही. ज्यांच्या दिव्याची मूठ निघते आणि ऑटोक्लेव्ह होते त्यांना याची गरज नाही. एवढंच.

प्रोब कव्हर. भुलीचे डॉक्टर आता सोनोग्राफी बघून नसेचा ब्लॉक, म्हणजे नसेजवळ बधिर करायचं इंजेक्शन, देतात, त्याला लागतं. आमच्याकडं आधी काय चालायचं, तर स्टेराइल ग्लोव्हमध्ये प्रोब घालायचा. अडल्यावर चालतं, पण बोटांचे फुगे बाजूला लोंबतात आणि केबल उघडी राहते, ती पेशंटच्या अंगावर लोळते. लांब कव्हर घेतलं तर केबल पण झाकली जाते. पाकिटात कव्हर, दोन रबर बँड आणि जेलचं सॅशे असा सेट येतो. आत जेल, बाहेर जेल, दोन्ही लागतं, आणि आतलं जेल लावताना हवेचा बुडबुडा राहिला की पडद्यावर तिथं काळं, मग डॉक्टर म्हणणार मशीन बिघडलं. कव्हर पुढनं ताणून, सुरकुत्या मागं सारून रबर लावायचं. लेटेक्सचं नको, पॉलियुरेथिनचं नाहीतर पॉलिथिनचं घ्या, ॲलर्जीवाला पेशंट कधी येईल सांगता येत नाही.

जेलबद्दल थांबून सांगणं भाग आहे. भरपूर ठिकाणी पाच लिटरच्या कॅनमधलं जेल बाटलीत भरतात, बाटली संपली की न धुता परत भरतात. दूषित जेलमधनं बर्कहोल्डेरिया सिपेशिया नावाच्या जंतूची साथ परदेशातल्या हॉस्पिटलांमध्ये नोंदली गेलीय, एकदा नाही, बऱ्याचदा. म्हणजे शंभर-दीडशेचं स्टेराइल कव्हर घातलं आणि बाहेरनं कॅनमधलं जेल थापलं तर सुई त्याच जेलमधनं आत जाते. सेटमध्ये सॅशे नसेल तर सॅशे वेगळे घ्या, पण सुईच्या कामाला बाटली नको.

आणि आता ते, ज्याच्यावरनं माझं एका सोनोग्राफीवाल्या मित्राशी कायम वाजतं. तो म्हणतो कव्हर घातलं की प्रोब पुसायची गरज काय. अमेरिकेच्या सीडीसीची (तिथली सरकारी रोग नियंत्रण संस्था) 2008 ची निर्जंतुकीकरणाची गाइडलाइन आहे, त्यात स्पष्ट आहे की योनीमार्गाच्या तपासणीचा प्रोब कव्हर घातलेला असला तरी दर पेशंटनंतर हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, म्हणजे जवळजवळ सगळे जंतू मारणारी सफाई, करायचं. कारण कव्हर फाटतात. त्याच गाइडलाइनमध्ये दिलंय की बायकांच्या अंडाशयातनं बीजं काढायच्या प्रोसिजरनंतर तपासलेल्या दोन पुरवठादारांच्या कव्हरांमध्ये 75 आणि 81 टक्क्यांना भोकं निघाली, आणि दुसऱ्या एका तुलनेत कंडोम 1.7 टक्के गळले तर तयार प्रोब कव्हर 8.3 टक्के. म्हणजे महागडं कव्हर मेडिकलमधल्या कंडोमपेक्षा मागं पडलं! हसू नका, बऱ्याच सोनोग्राफी सेंटरात कंडोमच वापरतात आणि त्या तपासणीला ते चुकीचं नाही. पण कुठलंही घाला, नंतर प्रोबची साफसफाई सुटत नाही. स्पॉल्डिंगचं जुनं वर्गीकरण शिकलो होतो ना आपण, रक्तात-ऊतीत जाणारं क्रिटिकल, तोंड-योनीसारख्या आतल्या ओल्या अस्तराला (श्लेष्मल त्वचेला) लागणारं सेमी-क्रिटिकल, नुसत्या कातडीला लागणारं नॉन-क्रिटिकल, तर कव्हर घातलं म्हणून वस्तू वरच्या वर्गातनं खालच्या वर्गात येत नाही.

पाकिटाकडं येतो. हे लोक बघतच नाहीत. चांगल्या पाकिटाची एक बाजू कागद नाहीतर टायव्हेक (कागदासारखं दिसणारं प्लास्टिक), दुसरी पारदर्शक, आणि वरच्या कोपऱ्यात सोलायला जागा. सोलताना कागदाचे तंतू फाटून उडता कामा नयेत, ते थेट आतल्या कव्हरवर बसतात. आमच्या त्या स्वस्तवाल्याचं पाकीट सोलायचंच नाही, फाडायलाच लागायचं. लेबलवर बॅच नंबर, बनवल्याची आणि एक्स्पायरीची तारीख, निर्जंतुकीकरण कशानं केलं, कापलेला 2 म्हणजे परत वापरू नका, आणि मॅन्युफॅक्चरिंग लायसन नंबर हे सगळं पाहिजे. आपल्या देशात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017 आहेत, ए आणि बी, म्हणजे कमी धोक्याच्या वर्गातल्या मालाला 1 ऑक्टोबर 2022 पासनं लायसन सक्तीचं झालंय, त्यामुळं लायसन नंबर नसलेलं स्टेराइल कव्हर कुणी गळ्यात मारायलंय तर सरळ परत द्या. ईटीओच्या पाकिटावर रंग बदलणारा ठिपका असतो, तो बदललेला आहे का बघा, पण तो बदलला म्हणजे गॅस लागला एवढंच कळतं, आतला माल स्टेराइल आहे याची गॅरंटी ठिपका देत नाही.

आणि आपल्याकडचा पाऊस. खानापूर, जांबोटीकडच्या लोकांना सांगायला नको, जूनपासनं कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते. स्टोअरची खोली बहुतेक ठिकाणी जिन्याखाली नाहीतर मागच्या भिंतीला लागून, आणि तीच भिंत गळते. कागदाची बाजू एकदा ओली झाली की ते पाकीट अनस्टेराइल, नंतर वाळलं तरी. वाळल्यावर पाण्याचा पुसट डाग राहतो, तो डाग बघायची सवय लावा. जमिनीपासून आठ-दहा इंच वर, बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच तरी लांब ठेवायचं, सिंकखाली तर अजिबात नाही. आणि पाकिटांना रबर बँड लावून गठ्ठा करू नका, घडीच्या जागी कागद मोडतो. आमच्याकडं आता प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवतो, जुनं पुढं नवीन मागं. बॉक्स घेतलाय म्हणून पाच-पाच बॉक्स पावसाळ्याच्या तोंडाला भरून ठेवायची गरज नाही, डीलर इथंच आहे, पळून चालला नाही.

परत वापरायचा विषय निघतोच. "धुवून ईटीओला लावूया की, कुठं रक्त लागलंय" हे वाक्य मी वेगवेगळ्या लोकांच्या तोंडनं ऐकलंय. ऑटोक्लेव्हमध्ये तर ते वितळूनच जाईल, साधं पॉलिथिन 121 डिग्री सोसत नाही. ईटीओत जाईल, पण ती अडीच मीटरची नळी आतनं-बाहेरनं धुणार कोण आणि वाळवणार कोण, घडी परत टेलिस्कोपिक घालणार कोण. ओलावा राहिला तर गॅस त्या पाण्याबरोबर नको ती रसायनं तयार करतो. शिवाय ईटीओ कॅन्सर करणारा गॅस आहे, कंपनीत तो बाहेर जाऊदे म्हणून एरेशनला (हवा खेळवायला) वेळ देतात, बारक्या मशीनला घाईत तो वेळ कुणी देत नाही. आणि पाकीट उघडल्यावर येणारा वास म्हणजे गॅस असं काहीजण समजतात, तो बहुतेक प्लास्टिकचाच असतो, ईटीओचा वास नाकाला कळेपर्यंत प्रमाण धोक्याच्या कितीतरी वर गेलेलं असतं. म्हणून वासावर काही ठरवू नका, ना चांगलं ना वाईट.

टाकायचं लाल पिशवीत. बायोमेडिकल वेस्टचे 2016 चे नियम बघितले तर वापरलेलं प्लास्टिक, म्हणजे नळ्या, सिरिंज, ग्लोव्ह हे सगळं लाल, आणि कव्हर पण त्यातच येतं. आमच्याकडं केस संपली की सगळं एकत्र गुंडाळून पिवळ्या पिशवीत कोंबायची सवय होती, मॉपपण (रक्त टिपायचं कापड) आणि कव्हरपण. कव्हर काढताना बाहेरची बाजू आत वळवत काढा, म्हणजे रक्ताची बाजू आत जाते आणि कॅमेऱ्याला लागत नाही, आणि मग कॅमेरा पुसून, केबल सैल गुंडाळून ठेवा.

कुठनं घ्यायचं. बेळगावात सर्जिकलवाले आहेतच, पण व्हरायटी कमी, जे आहे ते घ्या असा कारभार. कोल्हापूर आणि मिरजेला व्हरायटी भरपूर, तिकडं हॉस्पिटलंच तेवढी. हुबळीचा डीलर माल चांगला देतो पण कमी ऑर्डरला लवकर हलत नाही. महाराष्ट्रातनं मागवलं की बिलावर आयजीएसटी लागतो, इथं घेतलं की सीजीएसटी-एसजीएसटी, बेरीज तीच. फक्त लक्षात ठेवा, हॉस्पिटलच्या सेवेवर जीएसटी माफ असल्यामुळं आपल्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही, तो टॅक्स पूर्ण खिशातनं जातो, म्हणून रेट विचारताना टॅक्स धरून विचारा. सेल्समन नेहमी टॅक्स सोडून सांगतो आणि बिल आल्यावर अकाउंटच्या मॅडम आमच्यावर ओरडतात. ऑनलाइन पण मिळतंय, पण तिथं फोटोत घडी दिसत नाही, आणि फोटोत पाकीट एक आणि येतं दुसरंच.

सॅम्पल मागा. देतात, लाजू नका. आणि सॅम्पल आलं की मालकांच्या टेबलावर उघडून बघू नका, ओटीत ग्लोव्ह ओले करून, एका माणसाला बाहेर उभं करून, रिकाम्या कॅमेऱ्यावर चढवून बघा. शक्यतो सगळ्यात नवीन पोराला घालायला लावा, सिनियर सिस्टरना नको, त्या वर्तमानपत्राचं कव्हर दिलं तरी नीट घालतील.